उभ्याने वाचलेला करार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज सकाळी मी आधी बॉयलरची वाफ सोडली आणि मग देवाचं नाव घेतलं. रोज उलट असतं. धुलाईघराचं कुलूप काढायचं, दाराशी क्षणभर डोळे मिटायचे आणि मगच कामाला हात लावायचा, ही माझी इतक्या वर्षांची रीत. पण आज अधीक्षकांचा शिपाई माझ्या आधीच येऊन दारात उभा होता. म्हणाला, "बुवा, हे भिंतीवर लावायचंय. वरून सांगितलंय." त्या गडबडीत राहून गेलं.

परिपत्रक होतं. नव्या अर्थसंकल्पात सरकारी रुग्णालयांच्या खर्चाला कात्री लागली आहे, म्हणून 'अनावश्यक सेवांचा' आढावा घेतला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. अनावश्यक कोण, ते लिहिलेलं नव्हतं.

बायका कामावर आल्या तशा भिंतीपाशी जमल्या. धाकटी सगळ्यांत पुढे. धाकटी म्हणजे माझी मेहुणी. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. नवरा गेल्यावर मीच शब्द टाकून तिला इथे तात्पुरत्या नेमणुकीवर लावली. दर वर्षी अशा तात्पुरत्या बायकांची मुदत संपते, एक दिवस घरी बसवतात आणि परत घेतात. त्या एका दिवसाला बायका गमतीने 'माहेरपण' म्हणतात.

"भावोजी, अनावश्यक म्हणजे कोण हो?"

"अजून ठरलेलं नाही."

"ठरलं नसतं तर आपल्याच भिंतीला कशाला लावलं असतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग वॉर्डातून चादरींचे गठ्ठे आले आणि जी ती कामाला लागली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आमच्या कर्मचारी संघटनेच्या कचेरीत बैठक झाली. कचेरी म्हणजे सायकल स्टँडवरची लांबट खोली. खाली कुणी स्टँड लावला की वर टेबल हलतं. सरकारशी बोलणी करायला समिती नेमली आणि तिच्यात माझं नाव घातलं. सुचवलं खुद्द अध्यक्षांनी. "आपल्याला एक असा माणूस हवा, ज्याच्या तोंडून कधी खोटं निघालेलं कुणी ऐकलं नाही," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मला खाली बघावंसं वाटलं.

जिन्यात शस्त्रक्रिया विभागाच्या सिस्टर भेटल्या. त्याही समितीत आहेत. बाईंची जीभ तिखट.

"बुवा, तुम्हाला समितीत का घेतलं, विचारलंत का कधी स्वतःला?"

मी म्हटलं, "विश्वास आहे म्हणून."

"हो ना. लोकांचा तुमच्यावर आहे. म्हणूनच घेतलं," असं म्हणून त्या उतरून गेल्या. कौतुकच केलं, पण असं रागावल्यासारखं का, ते कळलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी सकाळी अध्यक्ष घरी आले. मी पोथी वाचत होतो. वडिलांची पोथी, रोज एक अध्याय, मोठ्याने. गावच्या शाळेत गुरुजींनी उच्चार घोटून घेतले होते, ते आजवर पुरले. वडिलांची एकच सक्त ताकीद होती, की अध्याय हातात घेतला की मध्ये ठेवायचा नाही. गोठ्यात गाय अडली होती तेव्हाही ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच उठले होते.

अध्यक्ष पंचवीस वर्षांपूर्वी वॉर्डबॉय म्हणून लागलेला माणूस. आता मोटारीतून फिरतात, पण माझ्याकडे येताना चपला बाहेर काढून जमिनीवर बसले आणि मला खूण केली, चालू द्या. हिने चहा आणला. चहा निवला, साय धरली. मी वाचून संपवलं.

"मध्ये कधीच थांबत नाही का हो?" त्यांनी हिला विचारलं.

ही अभिमानाने म्हणाली, "घर पेटलं तरी थांबायचे नाहीत!"

अध्यक्ष मनापासून हसले. मग दुसऱ्या चहाबरोबर म्हणाले, "बुवा, यंदा करार तुम्ही वाचायचा. झळ पोचलीच तर धुलाईला पोचेल असं दिसतंय. आणि तुमच्यासारखा आवाज कुणाचा आहे?"

आमच्या संघटनेत ही एक जुनी चाल आहे. सरकारशी ठरलेला करार सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचतात आणि तो वाचायचा मान ज्या विभागाला सगळ्यांत जास्त झळ लागणार, त्याच्या माणसाचा. उभ्याने शेवटपर्यंत वाचला, तर त्या विभागाने तो मान्य केला. वाचता वाचता तो खाली बसला, तर करार तिथेच पडला, पुन्हा बोलणी. ज्या म्हाताऱ्या स्ट्रेचरवाल्याने संघटना उभी केली, त्याने हे घालून दिलं. कुणाच्या पाठीमागे कुणाचा गळा कापला जाऊ नये म्हणून. मी नवा असताना मुदपाकखान्याचा आचारी एकदा असा बसला होता. चौथ्या कलमाला. तो करार परत गेला आणि सुधारून आला. त्यानंतर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

मी होय म्हटलं. अध्यक्षांना वाचनाची आवड आहे हे मला ठाऊक नव्हतं. माणूस वरून कळत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बोलणी. खोली इतकी गार की सिस्टरांनी पदर खांद्यावरून लपेटून घेतला. समोर सचिव, तरुण, फार सभ्य. प्रत्येकाला त्यांनी 'आपण' म्हटलं. इतक्या गोडीने कुणी बोललं की आपलंच चुकत असावं असं मला वाटायला लागतं.

"आम्ही कुणालाही काढत नाही आहोत," सचिव म्हणाले. "काही ठिकाणी फक्त नव्याने नेमत नाही आहोत."

सिस्टर म्हणाल्या, "ज्याची नेमणूक दर वर्षी नवी करता, त्याला नव्याने न नेमणं म्हणजे काय?"

"तो शब्दांचा प्रश्न आहे."

"पोटाचा आहे साहेब."

अध्यक्षांनी सिस्टरांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "कायम नोकरांच्या केसाला धक्का लागता कामा नये. ही आमची पहिली आणि शेवटची अट." सचिवांनी ते लगेच टिपून घेतलं. मला वाटलं होतं खळखळ करतील.

मी तात्पुरत्या बायकांचा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "तो आहेच, बुवा. तो मी माझ्याकडे ठेवलाय." ऐकून छातीवरचा दगड उतरला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रात्री धाकटी जेवायला होती. ताटावर बसल्या बसल्या मला म्हणाली, "भावोजी, तुमच्या देवाला सांगा, लोकांनी चादरी जरा कमी मळवाव्यात."

"मग तुझं कामच जाईल की."

"ते तर असंही चाललंय म्हणतात."

हिने तिच्या पानात आणखी भात वाढला. धाकटी 'पुरे ताई' म्हणाली नाही. तिला संघटनेत मत नाही. तात्पुरत्यांची आम्ही वर्गणी घेत नाही, म्हणून मतही घेत नाही. सभेच्या दिवशी त्या बायका दाराबाहेर उभ्या राहून ऐकतात.

जाताना ती उंबऱ्यात थांबली. थट्टा नव्हती आवाजात. "खरं सांगा, काय होईल?"

मी म्हटलं, "मी आहे ना समितीत. काळजी करू नकोस."

"तुम्ही आहात म्हणूनच झोप लागते," असं म्हणाली आणि गेली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बोलण्यांचा शेवटचा दिवस. दुपारभर भत्ते, बढत्या, रजा हेच चाललं होतं. आमच्या विषयापर्यंत यायला संध्याकाळ झाली. तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले. "बुवा, दिवेलागण होईल. तुमची देवापुढची वेळ. जा तुम्ही, उद्या वाचायचं आहे, घसा जपा. राहिलंय ते मी बघतो."

माझी ही वेळ त्यांच्या ध्यानात राहिली, हे पाहून मला भरून आलं. मी निघालो. सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना विचारलं, काही हवंय का? "काही नको," त्या म्हणाल्या. "सांभाळून जा."

घरी येऊन निरांजन लावलं. मन शांत होतं. हे लिहून ठेवतो, मन शांत होतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज लिहवत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लिहायलाच हवं.

काल सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षांनी कागद माझ्या हातात व्यासपीठावर चढल्यावर दिला. "नेहमीसारखं. सुरेल," असं म्हणाले. दाराशी आमच्या बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. धाकटी चौकटीला टेकून.

मी वाचायला लागलो. पहिल्या कलमाला आवाज लागला. कायम नोकरांच्या नोकऱ्या अबाधित. टाळ्या. बढत्या, टाळ्या. लोक खुशीत होते आणि माझा आवाज त्या खुशीवर चढत होता, हे खोटं कशाला सांगू? चांगलं वाचताना मला बरं वाटतं.

सातवं कलम. 'धुलाईचे काम बाह्य यंत्रणेकडे सोपविण्यात येईल. सदर विभागातील तात्पुरत्या नेमणुका मार्चअखेर मुदत संपताच पुन्हा देण्यात येणार नाहीत.'

हे मी वाचलं. माझ्याच तोंडून, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता. 'नाहीत' या शब्दावर मला कळलं मी काय वाचलं ते. आणि माझी नजर आठव्यावर गेली. का गेली? माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते जसंच्या तसं लिहितो: अध्याय पुरा करू आणि मग बोलू. बस्स, एवढंच आलं. भीती नव्हती, लोभ नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीने जीभ पुढे चालत राहिली. आठवं कलम वाचलं. नववं वाचलं. शेवटचं वाचलं आणि कागद खाली घेऊन म्हणालो, "मला यावर बोलायचं आहे."

टाळ्यांत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक माझ्यासमोरून हळूच उचलला आणि म्हणाले, "धुलाई विभागाने करार उभ्याने वाचला आहे. मान्य!"

दाराकडे पाहिलं तर बायका पांगत होत्या.

संध्याकाळी मी धाकटीच्या खोलीवर गेलो. ती भांडी घासत होती. घासतच राहिली.

"मला ठाऊक नव्हतं गं. मी तिथे नव्हतो तेव्हा ठरलं ते."

"सातवं वाचलंत तेव्हा तर होता ना?"

मी दारातच उभा होतो.

"मी तुमच्या तोंडाकडे बघतच नव्हते, भावोजी. तुमच्या गुडघ्यांकडे बघत होते. आता वाकतील, आता वाकतील म्हणून."

तिने नळ मोठा सोडला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, मला परत उभं राहू द्या.

"वाचलेलं न वाचलेलं कसं करायचं, बुवा? तुम्ही तर धार्मिक माणूस."

"सातवं कलम मला आधी कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचलं नसतंत," ते म्हणाले आणि हसले. मग मायेने म्हणाले, "बाकी सगळी माणसं वाचली ना? हाताचं एक बोट गेलं, हात राहिला. आणि तुमची सोय केली आहे. ठेकेदाराकडून येणाऱ्या चादरी तपासून घ्यायला विभागाचा माणूस लागेल. खुर्ची मिळेल. या वयात वाफेत उभं राहायला नको."

घरी येताना सगळी उत्तरं सुचली. रस्त्यात मोठ्याने बोललोही असेन, कारण एक बाई मुलाला घेऊन बाजूला झाली.

मंगळवार, ४ मार्च

धाकटी आमच्याकडे येत नाही. मुलांनाही पाठवत नाही. ही डबा घेऊन गेली होती, डबा भरलेलाच परत आला.

मी हिला म्हटलं, की मी राजीनामा देतो समितीचा, पाहिजे तर नोकरीचाही.

ही चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "द्या. मग दोन्ही घरांत चूल पेटायची नाही. तिला काय उजेड पडणार त्यातून?"

"तुझी सख्खी बहीण आहे."

"माझीच आहे. मला कमी वाटतं का? पण तुम्हाला आता काहीतरी करून स्वतःला बरं वाटून घ्यायचंय. तिच्यासाठी करायचं होतं ते त्या दिवशी होतं."

इतक्या वर्षांत ही मला असं कधी बोलली नव्हती. रडत नव्हती. मग वाटाणे सोलायला घेतले आणि अर्धे माझ्यापुढे सरकवले.

बुधवार, १९ मार्च

ठेकेदाराच्या चादरींचा नमुन्याचा पहिला गठ्ठा आला. दमट. रक्ताचे डाग तपकिरी होऊन बसलेले. आधी गार पाण्यात न भिजवता थेट उकळत्या पाण्यात टाकल्या की असं होतं, मग तो डाग कापडाबरोबरच जातो. मी हरकत घेतली. शिपाई म्हणाला, "वरून सांगितलंय, चालवून घ्या."

नवी खुर्ची आली आहे. चाकांची. धुलाईघरात अजून आमच्या बायका आहेत, महिनाअखेरपर्यंत. मी आत गेलो की गप्प होतात. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी, जी मला लेकासारखं दटावायची, ती आज 'साहेब' म्हणाली.

पोथी रोज उघडतो. वाचतो. पण आवाज निघाला की मला सभागृह दिसतं. देव माझा आवाज ऐकत असेल तर त्याला तरी कसा सोसत असेल!

रविवार, ३० मार्च

अध्यक्षांचा निरोप आला म्हणून गेलो. उद्या ठेकेदाराची माणसं यंत्रं उचलायला येणार आहेत. बायका धुलाईघराबाहेर ट्रक लागतो त्या उतारावर आडव्या बसणार, असं त्यांच्या कानावर आलं आहे.

"पुढे तुमची मेहुणी आहे," ते म्हणाले. "पोलीस बोलवायचे नाहीत मला, बायाबापड्या आहेत. तुम्ही जा आणि त्यांना करार वाचून दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शांतपणे. तुमच्या तोंडून ऐकलं की उठतील. तुमचा शब्द आहे त्यात."

बाहेर सिस्टर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी सही केली बुवा. तुम्ही गेल्यावर. चौघांत एकटी पडले आणि केली. तुमच्यावर नजर टाकली होती मी, आठवतं?"

"मला वाटलं तुम्हाला काही हवं आहे."

"हवंच होतं," त्या म्हणाल्या.

काय करायचं ते कळत नाही. देवापुढे बसलो. उपयोग झाला नाही, किंवा झाला असेल, मला समजला नाही.

सोमवार, ३१ मार्च

घरी आलो आहे तो हे लिहायला आणि एक जाड चादर न्यायला. घरची. ही डब्यात भरते आहे काहीतरी, दोघांपुरतं.

सकाळी पोथी घेतली. अध्याय अर्ध्यावर आला तेव्हा एका ओळीच्या मधोमध थांबलो. मुद्दाम. वाक्य पुरं व्हायला थोडेच शब्द होते. जीभ शिवशिवत होती. खूण घातली, मिटली आणि उठलो. छप्पर पडलं नाही. ही आतून बघत राहिली.

उतारावर बायका बसल्या होत्या. गठ्ठ्यांच्या जुन्या कापडांवर, एकमेकींना खेटून. खाली ठेकेदाराचा ट्रक घुरघुरत होता. अध्यक्ष आले होते. वरच्या खिडक्यांतून आमचे कायम नोकर बघत होते, माझ्याच खात्यातले, माझ्यासाठी टाळ्या वाजवलेले. त्यांच्यातलं कुणी खाली आलं नाही.

मी कागद उघडला. पहिलं कलम वाचलं. आवाज चांगला लागला, हे लिहिताना लाज वाटते. दुसरं, तिसरं. बायका जमिनीकडे बघत होत्या. धाकटी मात्र माझ्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही.

सातव्या कलमापाशी आलो. 'धुलाईचे काम' एवढं वाचलं आणि कागद मिटला. आणि खाली बसलो.

अध्यक्ष पुढे आले. "बुवा! चक्कर आली का?"

"नाही. बसलो."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे सभागृह नाही. इथे बसलेलं धरत नाहीत. काय मिळवलंत? खुर्ची गेली, उद्या निलंबनाचा कागद येईल, आणि करार जागच्या जागी आहे."

खरं होतं ते. मी मान हलवली. ते मोटारीकडे गेले आणि फोन कानाला लावला. आता पोलीस येतील, आज रात्री नाही तर उद्या. यंत्रं जातील. बायकांपैकी कुणाचंही काम माझ्या बसण्याने परत येणार नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे. कुणी मला शाबासकी दिली नाही. म्हातारीने फक्त तिच्याखालचं कापड थोडं माझ्याकडे ओढलं.

धाकटी समोर बघत बसली होती. मग मान न वळवता म्हणाली, "गुडघे दुखतात का हो, भावोजी?"

"नाही."

"मग इतके दिवस का लागले?"

मी बसून राहिलो.